कपाटातील साहित्य आणि मुलांच्या हातातील साहित्य

(सुवर्णमहोत्सवी वर्षात पुणे येथे प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाचे वर्ष हे संस्थेच्या जीवनात कृतज्ञतेचे तसेच आत्मपरीक्षणाचे वर्ष असते. समाजातील दानशूर व्यक्तींनी आणि विश्वस्त संस्थांनी महाराष्ट्रातील शाळांना आजवर पुष्कळ दिले आहे. इमारती दिल्या, बाके दिली, संगणक दिले. या दातृत्वाचा पूर्ण आदर राखून आज वरवर लहान वाटणाऱ्या एका विषयाचा विचार करावयाचा आहे. प्राथमिक वर्गातील शिक्षकाच्या हाताशी काय असावे, आणि जे असते त्याचे प्रत्यक्षात काय होते, हा तो विषय होय.

अनेक प्राथमिक शाळांमध्ये मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लोखंडी कपाट असते. त्यात पृथ्वीचा गोल, नकाशांच्या गुंडाळ्या, गणिताची पेटी, विज्ञानाची पेटी आणि गोष्टींची काही पुस्तके नीट मांडून ठेवलेली असतात. कपाटाला कुलूप असते. तपासणीच्या दिवशी ते उघडते, वस्तू मोजल्या जातात आणि पुन्हा बंद होते. पलीकडच्या वर्गात मुले पृथ्वी गोल आहे हे वाक्य पाठ करीत असतात.

ही स्थिती साहित्याच्या टंचाईमुळे आली असे म्हणणे कठीण आहे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 1987 मध्ये केंद्र शासनाने खडू-फळा मोहीम हाती घेतली. प्रत्येक प्राथमिक शाळेस किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक शैक्षणिक साहित्य मिळावे, हा तिचा हेतू होता. 2001 मध्ये सर्व शिक्षा अभियान सुरू झाले, तेव्हा साहित्यनिर्मितीसाठी प्रत्येक शिक्षकास वर्षाला 500 रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत अध्यापन साहित्य, ग्रंथालय आणि खेळाचे साहित्य यांचा स्पष्ट उल्लेख आहे. 2023 मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 3 ते 8 वर्षे वयोगटासाठी 'जादुई पिटारा' नावाची साहित्यपेटी आणली. योजना आल्या, पेट्याही आल्या. तरीही कुलूप सुटले नाही, त्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

ते कारण बहुतांशी एका नोंदवहीत आहे. शाळेला मिळालेली टिकाऊ वस्तू डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढते. ती जागेवर आहे की नाही, याचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो. ती किती मुलांच्या हातून गेली, हे त्याला सहसा कोणी विचारीत नाही. काचेचे भिंग फुटले तर स्पष्टीकरण लिहावे लागते. भिंग कधी बाहेरच आले नाही तर काहीच लिहावे लागत नाही. अशा व्यवस्थेत सावध माणूस कुलूप लावणारच. त्यासाठी शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु या सावधपणाची किंमत मूल मोजते, हेही नाकारता येत नाही. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून ग्रामीण भारतात 'असर' ही पाहणी होत आली आहे. पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सहज वाचता येत नाही, हे चित्र तिच्या अहवालांतून पुनःपुन्हा पुढे आले आहे. पाच वर्षे नियमाने शाळेत येऊनही जे मूल वाचू शकत नाही, त्याच्यासाठी पुढची सारी पुस्तके बंदच राहतात.

यास्तव कोणतेही साहित्य चांगले की वाईट हे ठरविताना त्याची किंमत अथवा चकाकी न पाहता तीन साधे प्रश्न विचारावेत. मूल ती वस्तू स्वतः हाताळू शकते काय? मुलाची चूक झाली तर ती वस्तूच त्याच्या लक्षात आणून देते काय? आणि ती मोडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येते काय? या तीन प्रश्नांना 'होय' असे उत्तर मिळत असेल, तर ते साहित्य वर्गात राहण्यास पात्र आहे.

यातील दुसरा प्रश्न मारिया माँटेसोरी यांच्या कार्याकडे घेऊन जातो. 1907 मध्ये रोम येथील गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साहित्यात लाकडी ठोकळ्यातील खाचांमध्ये बसणारे लहानमोठे दंडगोल आहेत. एक दंडगोल चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक उरतो आणि तो कोठेच बसत नाही. शिक्षिकेला 'चुकले' असे म्हणावे लागत नाही. मूल आपले आपण मागे जाऊन दुरुस्ती करते. ज्या मुलाला दिवसभर कोणी ना कोणी चुका दाखवीत असते, त्याला असा अबोल शिक्षक लाभणे ही मोठी गोष्ट आहे.

परंतु हे साहित्य महाग होते. ते महाराष्ट्राच्या गरीब मुलापर्यंत कसे पोहोचावे, या प्रश्नाला ताराबाई मोडक यांनी उत्तर दिले. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाईंनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती, म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात नेण्यात आली. आज देशभर रूढ असलेला 'अंगणवाडी' हा शब्द ताराबाईंच्या याच कार्यातून आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविण्याचा प्रयोगही त्यांनी केला.

या बालवाड्यांमध्ये विकतच्या साहित्याची जागा परिसरातील वस्तूंनी घेतली. बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, पिसे, माती या वस्तूंनी मुले मोजू लागली, वर्गवारी करू लागली, लहान-मोठे आणि जड-हलके ओळखू लागली. मूळ तत्त्व तेच राहिले, फक्त त्याचे साधन बदलले. शिवाय एक लाभ असा झाला, जो विकतच्या पेटीतून होत नाही. साहित्य गोळा करण्याच्या कामात मूल स्वतः सहभागी झाले. जी चिंचोके घेऊन येते, ती मुलगी ते मोजण्यासही उत्सुक असते. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण व अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री देऊन शासनाने त्यांचा गौरव केला. त्यांचा वारसा पुरस्कारांपेक्षा या दृष्टीत अधिक आहे, आणि तो कोणत्याही शिक्षकाला उद्या सकाळी स्वीकारता येण्याजोगा आहे.

हाच विचार विज्ञानाच्या क्षेत्रात पुढे नेणाऱ्या एका व्यक्तीचा पुणे शहराशी निकटचा संबंध आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून अभियंता झालेले अरविंद गुप्ता पुण्यात टेल्को कंपनीत नोकरीस होते. 1978 मध्ये त्यांनी रजा घेतली आणि मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान अध्यापन कार्यक्रमात काम करण्यासाठी ते खेड्यात गेले. 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाचे सूत्र असे होते की, विज्ञान प्रयोग करूनच शिकावे आणि प्रयोगाचे सामान गावच्या बाजारात मिळावे.

तेथे गुप्ता यांना सायकलच्या व्हॉल्व्हवर बसविली जाणारी बारीक रबरी नळी सापडली. त्या नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घेऊन त्याच्या दोन टोकांत गूल खरवडून काढलेल्या आगकाड्या खोचल्या की एक लवचीक सांधा तयार होतो. तीन काड्या आणि तीन नळ्या यांचा त्रिकोण करावा. तो कितीही दाबला तरी त्याचा आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र बोट लावताच तिरपा होतो आणि समभुज चौकोन दिसू लागतो. चौरसात कर्णाची एक काडी बसविली की तोही ताठ होतो, कारण आता त्यात दोन त्रिकोण आहेत. रेल्वेच्या लोखंडी पुलावर किंवा पत्र्याच्या छपराखालील कैच्यांत त्रिकोणच का दिसतात, याचे उत्तर चौथीतील मुलगा स्वतःच्या बोटांनी शोधतो. नळीला बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी ओवली की सपाट आकृतीचे घर, घन आणि मनोरा तयार होतात. या रचनेला आधीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी मिळतात. ती मुलाच्या हातात असते, चुकीच्या मापाची काडी लागलीच वाकडी दिसते, आणि मोडली तर पुन्हा करण्यास दोन मिनिटे पुरतात. वर्गात करताना काडीचे गूल शिक्षकांनी आधीच काढून ठेवावे, किंवा आगकाडीऐवजी खराट्याच्या हिराचे सारख्या मापाचे तुकडे घ्यावेत. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती, त्या पुण्यात ही नळी मागताना कोणाही शिक्षकास संकोच वाटण्याचे कारण नाही.

अरविंद गुप्ता 2003 ते 2014 या काळात पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका या संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात, म्हणजे मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कार्यरत होते. ही शोधिका पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली. शाळांचे गट तेथे येत आणि जुनी वर्तमानपत्रे, पेयांच्या नळ्या, बाटल्यांची झाकणे, निकामी चकत्या व लोहचुंबक यांतून तयार केलेली खेळणी बरोबर घेऊन जात. गुप्ता यांनी ही खेळणी, त्यांच्या चित्रफिती आणि मराठीसह अनेक भाषांतील हजारो पुस्तके आपल्या संकेतस्थळावर सर्वांना विनामूल्य खुली केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. विश्वस्त संस्थांनी येथे एका गोष्टीची नोंद घ्यावी. देणगीने इमारत झाली खरी, पण तिला अर्थ आला तो मुलांना वस्तू हाताळू देणाऱ्या माणसांमुळे.

आता गणिताकडे वळू या. मराठी शाळेतील पहिली-दुसरीच्या शिक्षकांना एक अडचण रोज भेटते. 'त्रेपन्न' असे सांगितल्यावर मूल 35 लिहिते. 'एकोणतीस' ऐकल्यावर 'एक' आणि 'तीस' ऐकू येतात, म्हणून ते 31 लिहिते. अशा वेळी मुलाचे लक्ष नाही, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः मूल लक्षपूर्वक ऐकत असते. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर; लिहिताना मात्र दशक आधी येतो. शिवाय 'पन्नास' हा शब्द 'त्रेपन्न' मध्ये पूर्ण रूपात उरत नाही, आणि 'एकोण' मध्ये वजाबाकी दडलेली असते. कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला ही अडचण येत नाही, कारण त्या भाषांत दशक आधी येतो. जर्मन मुलाला ती मराठी मुलासारखीच येते. नॉर्वे या देशाने तर 1951 मध्ये संख्या उच्चारण्याची पद्धत अधिकृतपणे बदलून दशक पुढे आणला.

पुण्यातच मुख्यालय असलेल्या बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'त्रेपन्न' बरोबर 'पन्नास तीन' असे वाचनही दिले. त्या वेळी महाराष्ट्रभर मोठा वाद झाला, विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले आणि विनोदांना ऊत आला. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे आपली भूमिका मांडली. जुने शब्द काढून टाकलेले नाहीत, जोडाक्षरांनी भरलेल्या संख्यानामांमुळे गणिताची भीती बसू नये एवढ्यासाठी सोपा पर्याय दिला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 17 जुलै 2023 रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी, हा येथे प्रश्न नाही. मुलाच्या चुकीमागे कारण असते आणि ते शोधणे हे शिक्षकाचे काम आहे, ही त्यांची दृष्टी मात्र प्रत्येक वर्गात जपण्याजोगी आहे.

त्या दृष्टीला जोड देणारे साहित्य अत्यंत साधे आहे. खराट्याच्या किंवा आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधावेत. 'त्रेपन्न' म्हटले की मुलाने पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या समोर ठेवाव्यात, आणि मगच पाटीवर अंक लिहावा. ज्याने 35 लिहिले, त्याला 'चूक' न म्हणता 'तू लिहिलेस तेवढ्या काड्या मांड' असे सांगावे. तीन गठ्ठे मांडताच फरक त्याच्या डोळ्यांपुढे येतो. 'एकोणतीस' साठी तीन गठ्ठे ठेवून त्यांतील एक काडी काढून घ्यावी. शब्दात दडलेली वजाबाकी मुलांना दिसते आणि त्यांना तिची गंमतही वाटते. वजाबाकीत हातचा घेणे म्हणजे गठ्ठ्याचे रबर सोडणे, हेही त्याच काड्या शिकवितात.

दुसरे साधन म्हणजे शंभर मण्यांची माळ. रविवार पेठेतून दोन रंगांचे मणी आणून दहा एका रंगाचे आणि दहा दुसऱ्या रंगाचे असे ओवावेत. 48 मध्ये 7 मिळवायचे असता मूल माळेवर 48 पाशी चिमटा लावते, दोन मणी पुढे जाऊन 50 गाठते आणि उरलेले पाच पुढे मोजते. बोटे मोजण्याची जागा विचार करून उडी मारण्याने घेतली जाते. माळ वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या हाताच्या उंचीवर टांगावी. ती शिक्षकाच्या उंचीवर टांगली तर मुलांना ती केवळ पाहता येईल.

वाचनाच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. पुणे शहरात आज अनेक भाषांची घरे आहेत. बांधकामाच्या ठिकाणी राहणाऱ्या मजुरांची मुले कानडी, तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी अशा विविध भाषा बोलत वर्गात येतात. अशा मुलांसाठी मुंबईप्रमाणेच पुण्यातही काम करणाऱ्या डोअर स्टेप स्कूल या संस्थेने बसमध्ये फिरता वर्ग भरवून शाळाच त्यांच्या वस्तीपर्यंत नेली. नियमित शाळेतील शिक्षकाला बस मिळणार नाही. पण मुलाचे स्वतःचे शब्द त्याला नक्कीच मिळू शकतात. प्रत्येक मुलाचे नाव जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर लिहावे. सकाळी आल्यावर त्याने आपली पट्टी शोधून हजेरीच्या दोरीवर अडकवावी. महिन्याभरात मूल आपल्याबरोबर शेजाऱ्याचेही नाव ओळखू लागते, आणि 'क' हे अक्षर कमळाआधी त्याला 'करण' मध्ये भेटते.

पुढची पायरी मुलांच्या वाक्यांची आहे. रोज एका मुलाने घरची एक घटना सांगावी आणि शिक्षकाने ती त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहावी. 'आमच्या खोलीत पाणी शिरले' हे वाक्य त्या वर्गातील मुले जितक्या आवडीने वाचतात, तितक्या आवडीने दुसरे कोणतेही वाचत नाहीत. मुलाच्या बोलीतील शब्द प्रथम तसाच ठेवावा. प्रमाण मराठीतील शब्द त्याशेजारी मांडावा आणि दोन्ही वाचावेत. वर्षअखेर अशी पाने शिवून वर्गाचे एक पुस्तक तयार होते, आणि त्यातले प्रत्येक पान कोणा ना कोणा मुलाने दिलेले असते. त्याच्या जोडीला छापील पुस्तके असावीतच. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून प्रसिद्ध होत आहे आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. ही पुस्तके दोरीवर उघडी टांगावीत. वर्षभर वापरून फाटलेले पुस्तक हे वर्गाच्या कामाचे प्रमाणपत्र मानावे.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीट येथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षक यांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने जे काम उभे केले, ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले. जून 2015 मध्ये सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाच्या काळात त्याचा बोलबाला झाला आणि कितीतरी शाळांच्या फरशांवर अंकांच्या व अक्षरांच्या रंगीत आकृत्या आल्या. जेथे शिक्षकांनी त्यामागील विचार समजून घेतला, तेथे मुले त्या आकृत्यांवर बसून कामाला लागली. जेथे केवळ रंग पोहोचला, तेथे त्या आकृत्या पायाखाली झिजून गेल्या. वस्तूची नक्कल एका दिवसात होते; वस्तूबरोबर विचारावयाचा प्रश्न मात्र शिक्षकाला स्वतःच घडवावा लागतो. काड्यांचा त्रिकोण मुलाच्या हाती देऊन 'हा त्रिकोण आहे, लिहून घ्या' असे म्हटले, तर सारे साहित्य वाया गेले. 'हा दाबून पाहा, आणि चौरस दाबून पाहा. काय वेगळे झाले?' असे विचारून थोडे थांबले, तर धडा सुरू झाला. उत्तर येईपर्यंतचे थांबणे हे प्राथमिक शिक्षकाचे सर्वांत अवघड कौशल्य आहे.

पडद्यावरील साहित्याचाही विचार याच कसोटीवर व्हावा. मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा दूरध्वनीवरील चित्रफितींनी अनेक मुलांचा शाळेशी असलेला धागा टिकवून धरला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. ज्वालामुखी अथवा समुद्राचा तळ वर्गात दाखविण्यास पडद्यासारखे दुसरे साधन नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला दहा म्हणजे किती हे पडद्यावर पाहून कळत नाही. दहा चिंचोके मुठीत मावतात की नाही, हे त्याला स्वतः करून पाहावे लागते.

या सर्व विवेचनातून करावयाच्या काही गोष्टी पुढे येतात. मुख्याध्यापकांनी वर्षाच्या आरंभीच जाहीर करावे की वापरताना फुटलेल्या वस्तूबद्दल शिक्षकास जाब विचारला जाणार नाही. नोंदवहीत 'वस्तू उपलब्ध' या रकान्याशेजारी 'या महिन्यात किती वेळा वापरली' असा एक रकाना हाताने आखावा. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत प्रत्येक शिक्षकाने एक वस्तू, तिच्याबरोबर विचारलेला एक प्रश्न आणि मुलांनी दिलेले एक अनपेक्षित उत्तर घेऊन यावे. पुण्यातून प्रसिद्ध होणाऱ्या 'शैक्षणिक संदर्भ' व 'पालकनीती' यांसारख्या नियतकालिकांतील जुने लेख अशा बैठकीत एकत्र वाचावेत.

विश्वस्त संस्थांकडेही एक विनम्र मागणे आहे. देणगीचा काही भाग संपणाऱ्या वस्तूंसाठी राखून ठेवावा. काड्या, मणी, दोरा, कोरे कागद, गोंद, रंग, पुठ्ठा आणि गोष्टींची पातळ पुस्तके यांवर दात्याचे नाव कोरता येत नाही आणि वर्षअखेर त्यांतले काहीच उरत नाही. तरीही मुलांच्या शिक्षणासाठी हा खर्च सर्वाधिक मोलाचा आहे. एका वर्गाला वर्षभर पुरेल एवढे हे सामान एका शोभिवंत पडद्याच्या किमतीपेक्षा फारच थोड्या रकमेत येते. अशा देणगीचा हिशेब मागताना उरलेल्या वस्तू मोजू नयेत. किती मुले आता वाचतात, हे त्या वर्गात बसून ऐकावे.

जून महिन्यात नवे वर्ग भरतील. पहिलीत काही मुले रडत येतील, काही भिंतीला चिकटून उभी राहतील, काहींना शिक्षकांची भाषाही कळणार नाही. अशा मुलासमोर बसून शिक्षिकेने त्याच्या ओंजळीत चार चिंचोके ठेवावेत आणि 'तुझ्याकडे किती आहेत?' असे विचारावे. त्याने आपल्या भाषेत दिलेला आकडाही बरोबर मानावा. उपस्थित सर्व शिक्षकांना त्या कामासाठी मनःपूर्वक शुभेच्छा.